ऑस्ट्रेलियन पोलिसांनी आपल्याच नागरिकांची टीप इंडोनेशियाला का दिली? हे कायदेशीर होतं का?

बाली नाइन केसबद्दल विचारताय ना, म्हणजे 2005 ला इंडोनेशियातल्या बालीत हेरॉइनसकट पकडलेले नऊ ऑस्ट्रेलियन, तर हो, कायदेशीर होतं. मी फौजदारी वकिली करतो आणि मला याच गोष्टीचा जास्त त्रास होतो.

8 एप्रिल 2005 ला ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांच्या बालीतल्या अधिकाऱ्याने तिथल्या पोलिसांना पत्र दिलं, त्यात नावं, पासपोर्ट नंबर, परतीच्या तारखा सगळं, आणि निघताना यांच्याकडे ड्रग्ज असल्याचा संशय आला तर तुम्हाला योग्य वाटेल ती कारवाई करा असंही. 17 तारखेला देनपसार विमानतळावर चौघं सापडले, हेरॉइनची पाकिटं अंगाला पट्ट्यांनी बांधलेली, बाकीचे पण त्याच दिवशी धरले, एकूण माल 8.3 किलो. आता इंडोनेशियात ड्रग्जला मृत्युदंड आहे हे काय पोलिसांना माहीत नव्हतं? हीच पोरं सिडनीत उतरल्यावर पकडली असती तर तुरुंगात गेली असती, जिवंत राहिली असती, कारण ऑस्ट्रेलियात ती शिक्षाच नाही.

त्यातला स्कॉट रश 19 वर्षांचा. पोरगं बालीला निघालंय, काहीतरी गडबड आहे असं वाटून त्याच्या बापाने ओळखीच्या वकिलामार्फत पोलिसांना कळवलं होतं, त्याला जाऊ देऊ नका म्हणून. पोलिस आधीपासूनच टोळीच्या मागावर होते, त्यांनी काही त्याला अडवलं नाही. पुढे हे प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, 2006 ला कोर्ट म्हणालं पोलिसांनी कायदा मोडला नाही, पण माहिती द्यायची पद्धत मात्र सरकारने तपासून बघावी.

असं का होतं, तर आरोप ठेवल्यानंतर मदत मागितली की फाईल मंत्र्याकडे जाते, अट घालता येते. आपल्याकडचंच बघा, अबू सालेमला पोर्तुगालने सोडलं ते फाशी देणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त डांबणार नाही असं 2002 ला अडवाणींनी लिहून दिल्यावर, म्हणून 93 च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात 2017 ला दुसऱ्या दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि त्याला जन्मठेप. पण अटकेच्या आधी एका पोलिसाने दुसऱ्या पोलिसाला पत्र दिलं तर तिथे कोण कुणाकडून लिहून घेणार? आणि माणूस एकदा इंडोनेशियाच्या कोठडीत गेला की मग ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी विनवण्या करून पण उपयोग होत नाही, हे सगळ्यांनी पाहिलंय.

2009 ला ऑस्ट्रेलियन पोलिसांचे नियम बदलले, आता फाशीची शक्यता असेल तर माहिती देण्याआधी वरिष्ठांची मंजुरी लागते, वय, नागरिकत्व वगैरे बघावं लागतं. पण सरसकट बंदी नाहीच, आणि माझ्या मते ती हवी, निदान लेखी आश्वासन मिळेपर्यंत तरी.

या नऊ जणांचे म्होरके ठरवलेल्या अँड्र्यू चॅन आणि मयुरन सुकुमारनला 29 एप्रिल 2015 ला इंडोनेशियातल्या नुसाकंबांगन बेटावर गोळ्या घातल्या. सुकुमारन तुरुंगात चित्रं काढायला शिकला होता, शेवटच्या दिवसांतही काढत होता. रशची मृत्युदंडाची शिक्षा 2011 ला जन्मठेपेवर आली, आणि डिसेंबर 2024 मध्ये शेवटच्या पाच जणांना घरी पाठवलं त्यात तो होता, 39 वर्षांचा.