'इतर' म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : नववीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाविषयी शिकवताना मी फळ्यावर 'नाझी राजवटीने साठ लाख ज्यूंची व इतर अनेकांची हत्या केली' असे वाक्य लिहिले. मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले, 'मॅडम, इतर म्हणजे कोण?' दोन-तीन नावांपलीकडे मला सांगता आले नाही. कृपया खुलासा करावा.
– एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ताई, 'इतर' हा काही एक गट नव्हता. ज्यू समाज युरोपातून समूळ नष्ट करणे हे त्या राजवटीचे अंतिम ध्येय ठरले होते. बाकीच्यांना मात्र निरनिराळ्या कारणांसाठी, निरनिराळ्या कायद्यांखाली आणि निरनिराळ्या कचेऱ्यांतून वेचून काढण्यात आले. म्हणून वर्गात नुसती नावे न सांगता प्रत्येक नावासोबत त्याचे कारणही सांगावे, असे मला वाटते.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलर झाला आणि २२ मार्चला म्युनिकजवळ डाखाऊची छळछावणी सुरू झाली. तिथले पहिले कैदी जर्मनच होते : कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते. पुढे छावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर रंगीत त्रिकोण शिवले जाऊ लागले. राजकीय विरोधकांचा त्रिकोण लाल, समलैंगिक पुरुषांचा गुलाबी आणि यहोवाच्या साक्षीदारांचा जांभळा होता. हा ख्रिस्ती पंथ हिटलरला सलाम करीत नसे आणि सैन्यात जात नसे. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली तर सुटका होईल असे सांगूनही त्यांतील बहुतेकांनी सही केली नाही. काळा त्रिकोण 'समाजविरोधी' ठरवलेल्यांचा होता. बेघर, भिकारी, कामचुकार म्हणून पोलिसांच्या नजरेत आलेला कोणीही त्यात बसू शके, कारण व्याख्याच तशी सैल ठेवलेली होती. या काळ्या त्रिकोणवाल्यांना छळाचे बळी म्हणून जर्मन संसदेने मान्यता दिली ती थेट २०२० साली, हे वाचताना मन विषण्ण होते.

सर्वांत सविस्तर सांगावे ते अपंग आणि मनोरुग्णांविषयी. जुलै १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक आजाराचा शिक्का बसलेल्यांची सक्तीने नसबंदी सुरू झाली आणि सुमारे चार लाख लोक तिचे बळी ठरले. १९३९ मध्ये त्यापुढचे पाऊल, म्हणजे अशा रुग्णांची थेट हत्या, उचलले गेले. बर्लिनमधील टियरगार्टन रस्त्यावरील चार क्रमांकाच्या इमारतीतून हे काम चाले, म्हणून त्याला 'टी-४' असे नाव पडले. मनोरुग्णालयांना एक छापील अर्ज पाठवला जाई : रुग्ण काम करू शकतो का, किती वर्षे दाखल आहे, त्याला भेटायला नातेवाईक येतात का? भरून आलेल्या अर्जावर तीन डॉक्टर खुणा करीत. लाल अधिकचिन्ह म्हणजे मृत्यू, निळे वजाचिन्ह म्हणजे जीवदान. त्यांनी त्या रुग्णाला कधी पाहिलेलेही नसे. पुढे घरी मृत्यूचे खोटे कारण कळवणारे पत्र जाई, आणि अपेंडिक्स आधीच काढलेल्या माणसाचा मृत्यू अपेंडिसायटिसने झाला, असेही काही कुटुंबांना कळवले गेले. बिशप फॉन गॅलेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी प्रवचनातून याचा उघड निषेध केला. त्याच महिन्यात मोहीम थांबल्याचे दाखवण्यात आले, तोवर सत्तर हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली होती. त्यानंतर उपासमार आणि औषधांचे जादा डोस यांनी हत्या चालूच राहिल्या.

संख्येने फार मोठा गट सोव्हिएत युद्धकैद्यांचा होता. पकडलेल्या सुमारे सत्तावन्न लाखांपैकी तेहतीस लाखांच्या आसपास कैदी भूक, थंडी आणि गोळीबाराने मेले. पोलंडमधील ज्यूंखेरीज इतर नागरिकही लाखोंनी मारले गेले, आणि त्यात शिक्षक, धर्मगुरू, वकील अशा शिकलेल्यांना आधी हेरण्यात आले.

प्रश्न : नाझींनी मारलेले रोमा (ज्यांना 'जिप्सी' म्हणत) लोक मूळचे भारतातले होते, हे खरे आहे का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : होय. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, याचा भक्कम पुरावा त्यांच्या भाषेत आहे. अहिराणीत आपण 'पानी' म्हणतो, रोमानीतही 'पानी'च. कानाला 'कान', नाकाला 'नाख' आणि माणसाला 'मनुश'. त्यांच्यातील लोवारा हा गट घोड्यांचा व्यापार करी. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार पाहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचे जगणे परके वाटू नये.

त्यांच्यावरची पाळत हिटलरच्या आधीपासूनची आहे. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच त्यांची स्वतंत्र नोंद ठेवायला सुरुवात केली होती. इंग्रजांनी १८७१ साली आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आपल्याकडच्या पारध्यांनाही जन्मतः गुन्हेगार ठरवून पोलीस हजेरी लावण्यात आली होती आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, कारण इकडे संहाराची योजना नव्हती. पण माणसाची कृती न पाहता त्याचे कूळ नोंदवहीत चढवण्याची रीत मात्र सारखीच होती.

नाझींच्या काळात डॉ. रॉबर्ट रिटर यांच्या संशोधन केंद्राने डोकी मोजून, वंशावळ्या काढून हजारो रोमांचे वर्गीकरण केले. त्यांची सहकारी एव्हा युस्टिन हिने मुल्फिंगेनच्या अनाथालयातील रोमा मुलांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तिचे काम संपेपर्यंत ती मुले तिथे ठेवली गेली आणि मे १९४४ मध्ये त्यांतील ३९ जणांना व्याप्त पोलंडमधील ऑशविट्झच्या छावणीत पाठवण्यात आले. वाचली ती चार. ऑशविट्झमध्ये रोमा कुटुंबांसाठी वेगळा विभाग होता. तिथे उरलेल्या चार हजारांहून अधिक माणसांना, ज्यांत बहुतांश बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री वायुकक्षांत मारण्यात आले.

युद्धानंतर वाचलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा १९४३ पूर्वीची कारवाई वंशद्वेषातून नव्हे, तर त्यांच्या समाजविरोधी वागण्यामुळे झाली, असा निकाल पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५६ मध्ये दिला. तो संहार वंशद्वेषातूनच झाला, हे जर्मन सरकारने मार्च १९८२ मध्ये मान्य केले. तोवर दावे करणाऱ्यांपैकी कितीतरी जण मरण पावले होते.