पाईप जाड केला की पेट्रोल जास्त येतं?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गावात मस्त चालते, पण उन्हाळ्यात पुण्याहून वाईला येताना खंबाटकी चढायला लागलो की अर्ध्या घाटात आचके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की परत सुरू. मिस्त्री म्हणतो टाकीपासून आलेला ६ मिमीचा पाईप बारीक आहे, ८ चा कॉपर टाकून देतो. टाकू का? (वाई, जि. सातारा)

उत्तर : नका टाकू. म्हणजे पाईप बदलायला लागेलही कदाचित, पण जाड करायची गरज नाहीये. साधा हिशोब बघा. तुमचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४०-४२ हॉर्सपॉवर. फुल ॲक्सिलरेटर दाबून ठेवलात तरी ते तासाला साधारण १६ लिटर पेट्रोल पिणार, म्हणजे मिनिटाला पाव लिटरच्या जरा वर, आणि ६ मिमीच्या पाईपला आतून साडेचार मिमी भोक असतं, त्यातून एवढं पेट्रोल अगदी निवांत जातं. आणि जाड पाईपमध्ये पेट्रोल जास्त साठतं, हळू सरकतं, मग इंजिनजवळ ते तापत बसतं. म्हणजे ज्या रोगावर औषध करताय तोच वाढायचा.

रोग बहुतेक वेपर लॉकचा आहे. पद्मिनीचा पंप इंजिनलाच चिकटलेला, तो टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे टाकी ते पंप एवढ्या पाईपमध्ये दाब कमी असतो आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं. मे महिना, दुपार, सेकंड गिअर, पुढे ट्रक रांगतोय, बॉनेटखाली भट्टी. पंपात वाफ झाली की तो नुसतीच वाफ हलवत बसतो. पंपावर ओला फडका टाकायचा उपाय जुन्या फियाटवाल्यांना (पद्मिनी म्हणजे फियाटच) पाठ असतो, आमच्या गाडीत तर पाण्याची बाटली आणि एक फाटका पंचा कायम असायचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याचा त्रास वेगळाच, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर मऊ पडतं.

मी स्वतः यात दोन उन्हाळे घालवलेत. पंपाचं किट बदललं, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा खोलला, काही फरक नाही. शेवटी सापडला टाकीजवळचा चार इंचाचा रबरी तुकडा. बाहेरून एकदम ठणठणीत. सुरीने उभा चिरला तर आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता, ओढ वाढली की तीच जीभ भोक बंद करायची!! आणि हा भाग ओढीचा असल्यामुळे बारीक चीर असली तर गाडी चालताना पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे खाली थेंब नाही म्हणून आपण निर्धास्त असतो.

तेव्हा पुढच्या वेळी बंद पडली की आधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, फुकटात काम झालं. नाहीतर घरी इंजिन पूर्ण गार असताना कार्ब्युरेटरचा पाईप काढून बाटलीत सोडा आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा, पण आधी ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढा आणि आसपास विडीवाला नको. अर्ध्या मिनिटात पाव लिटर आलं तर पाईप, पंप दोन्ही ठीक. धार तुटक किंवा बुडबुडे असतील तर सगळे रबरी तुकडे बदला, आर ९ (पेट्रोलच्या रबरी नळीचा दर्जा) छापलेलाच होज घ्या, मीटरवर मिळणारा साधा पाईप नको. टाकीतली जाळीही बघा, गंजाचा चिखल तिथेच बसतो. पंपाखालचा बेकेलाइटचा जाड तुकडा आहे ना जागेवर? इंजिनची उष्णता तोच अडवतो आणि कित्येक मिस्त्री तो परत बसवतच नाहीत.

लोखंडी पाईप गंजला असेल तर ६ मिमीचाच स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा टाका. नुसतं तांबं वाकवायला सोपं म्हणून मिस्त्रींना आवडतं, पण हादऱ्यांनी कडक होतं आणि नटापाशी तडकतं.

प्रश्न : जुन्या अँबॅसिडरमध्ये इसुझूचं १८०० इंजिन बसवतोय. जुनाच पेट्रोल पाईप चालेल? (कोल्हापूर)

उत्तर : इथे मात्र ८ मिमी करा. ७५ हॉर्सपॉवर म्हणजे पेट्रोल वरच्या पद्मिनीच्या जवळपास दुप्पट लागणार. पण मग टाकीतून निघणाऱ्या नळीपासून पंपापर्यंत सगळंच ८ चं हवं, मध्ये एक जॉइंट जरी बारीक राहिला तरी बाकीचा खर्च पाण्यात. पाईपच्या टोकाला फुगवटा काढून घ्या म्हणजे होज निसटणार नाही, आणि पत्र्यातून पाईप जातो तिथे भोकाच्या कडेला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट. इंजिन एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) असेल तर गोष्टच वेगळी, तिथे दाब ३ बारच्या आसपास, टाकीकडे परत जाणारी दुसरी लाइन लागते, जुना होज तर अजिबात नको. आणि हो, इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी काढा, नंतर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.