वाचकांचे प्रश्न : जपानच्या शहरांत परंपरा कुठे राहते?

प्रश्न : टोकियोतील एका बहुमजली इमारतीचे काम सुरू होण्यापूर्वी सुटाबुटातले अधिकारी शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या पुजाऱ्यासमोर मान लववून उभे असल्याचे छायाचित्र पाहण्यात आले. ज्या शहराने जुनी लाकडी घरे पाडून काचेचे मनोरे उभारले, त्यानेच असे विधी जपावेत, हा विरोधाभास नव्हे काय? की परंपरा तेथे देखाव्यापुरतीच उरली असून ती खऱ्या अर्थाने पाहायची तर खेड्यांकडे वळावे लागते?

उत्तर : आपण पाहिलेला विधी म्हणजे ‘जिचिन्साई’. मोकळ्या जागेच्या चार कोपऱ्यांत पानांसकट हिरवे बांबू रोवतात, त्यांना भाताच्या पेंढ्याची दोरी बांधतात आणि तिला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावतात. आत मांडलेल्या पूजेत तांदूळ, मीठ, साके (तांदळाचे मद्य), भाजी आणि मासा असतो. शेजारी वाळूचा निमुळता ढीग करून त्यात गवताच्या काड्या खोवलेल्या असतात. वास्तुरचनाकार विळ्याने ते गवत कापल्याचा अभिनय करतो, मालक कुदळ मारतो आणि कंत्राटदार फावडे चालवतो. एवढे झाल्यावरच यंत्रे आत येतात.

याच विधीवरून एक गाजलेला खटला झाला होता. मिए प्रांतातील त्सु या शहराने १९६५ मध्ये व्यायामशाळेच्या बांधकामापूर्वी सार्वजनिक पैशातून जिचिन्साई केली, आणि धर्म व शासन यांच्या विभक्ततेचा हा भंग असल्याची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. १९७७ मध्ये न्यायालयाने बहुमताने तो विधी समाजात रूढ झालेला लौकिक रिवाज ठरवून शहराच्या बाजूने निकाल दिला. काही न्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवले आणि त्यांच्या आक्षेपात मला तथ्य वाटते. परंतु शहरी माणसाच्या व्यवहारात हा विधी किती मुरलेला आहे, हे त्या निकालावरून स्पष्ट होते.

आपल्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे : परंपरा आधीची, शहर नंतरचे, आणि दुसऱ्याने पहिलीला गिळले. हे गृहीतक मला मान्य नाही, कारण आज प्राचीन भासणाऱ्या कित्येक प्रथांना सध्याचे रूप शहरांनीच दिले. नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत टोकियोच्या मेइजी मंदिरात लाखो लोक रांगा लावतात. पण आपल्या गावच्या देवळाऐवजी दूरच्या नामांकित देवस्थानी जाण्याची ही रीत रेल्वेमुळे रुळली. १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा ही पहिली गाडी धावू लागल्यावर वाटेवरच्या कावासाकी येथील देवस्थान शहरवासीयांच्या आवाक्यात आले आणि पुढे रेल्वे कंपन्यांनी जाहिराती करून ही प्रथा वाढवली. मेइजी मंदिर स्वतः १९२० चे आहे, आणि भोवतालचे घनदाट वन देशभरातून भेट आलेली सुमारे एक लाख झाडे लावून माणसांनीच उभे केले आहे.

उलट, खेड्यांची स्थिती काळजी वाटावी अशी आहे. इवाते प्रांतातील कोकुसेकिजी या बौद्ध मंदिरातला, हजार वर्षांहून जुना मानला जाणारा ‘सोमिन्साई’ उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा साजरा झाला. त्याची तयारी पेलणारी मंडळी वृद्ध झाली आणि त्यांची जागा घेणारे तरुण गावात उरले नाहीत. तेथे परंपरा कोणा मनोऱ्याने गिळली नाही. राबणारे हात संपले, एवढेच.

म्हणून माझे लक्ष नेहमी हातांकडे जाते. क्योतोचा गिऑन उत्सव ८६९ मध्ये रोगराई शमावी म्हणून सुरू झाला आणि आजही जुलै महिन्यात भर बाजारपेठेतून त्याचे ३४ रथ निघतात. मोठे रथ दहा टनांहून जड, आणि त्यांचा लाकडी सांगाडा दरवर्षी खिळ्यांऐवजी दोरखंडांनी बांधला जातो. त्यांची चाके वळत नाहीत, त्यामुळे चौकात आल्यावर चाकांखाली चिरलेले बांबू अंथरून त्यांवर पाणी ओततात आणि एका हाकेसरशी रथ ओढून थोडा थोडा फिरवतात. मिरवणुकीच्या मार्गावरचे सिग्नलचे खांबही बाजूला वळवता येतील असेच बनवलेले आहेत. प्रत्येक रथ एकेका मोहल्ल्याच्या मालकीचा असतो, पण त्या मोहल्ल्यांत आता दुकाने, कार्यालये आणि सदनिका आहेत. मूळ घराणी थोडी राहिली आहेत. तेव्हा दोर ओढायला विद्यार्थी आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक उभे राहतात. याला कोणी देखावा म्हणत असेल तर म्हणो; मला त्यात उत्सव जगवण्याची खरी धडपड दिसते.

घरांच्या बाबतीत मात्र आपली खंत रास्त आहे. अरुंद दर्शनी भागाची, आत लांबवर गेलेली ‘माचिया’ ही क्योतोची लाकडी घरे २०१६ च्या पाहणीत सुमारे ४० हजार उरली होती आणि त्यांची संख्या घटतेच आहे. १९५० च्या बांधकाम कायद्यातील अग्निसुरक्षा व भूकंपविषयक अटींमुळे तशी घरे जुन्या पद्धतीने नव्याने बांधणे अवघड झाले. शिवाय मालकाच्या निधनानंतर वारसाकर भरण्यासाठी अनेक घरे विकली जातात. २००७ मध्ये क्योतोने शहराच्या मध्यभागातील इमारतींची उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली आणि छतांवरील जाहिरातींना बंदी केली. त्याने क्षितिज वाचले, पण घर पाडणाऱ्याचा हात त्या नियमाला धरता आला नाही.

प्रश्न : आम्ही लवकरच क्योतोला जात आहोत. गिऑन भागात हिंडताना कोणते पथ्य पाळावे?

उत्तर : हानामिकोजी हा तेथील मुख्य रस्ता सर्वांसाठी खुला आहे, मात्र त्याला फुटणाऱ्या काही अरुंद गल्ल्या खासगी मालकीच्या आहेत. पर्यटकांच्या उपद्रवाला कंटाळून रहिवाशांनी २०२४ मध्ये तेथे प्रवेशबंदीचे फलक लावले. उल्लंघन केल्यास १० हजार येन भरावे लागतील, असे त्यांवर लिहिलेले आहे. संध्याकाळी किमोनो नेसून लगबगीने जाणाऱ्या गेइको (क्योतोतील गेइशा, म्हणजे नृत्य-संगीताने पाहुण्यांचे मनोरंजन करणाऱ्या कलावती) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) ठरलेल्या वेळी कामावर पोहोचण्याच्या घाईत असतात. त्यांची वाट अडवू नये, बाहीला हात लावू नये आणि परवानगीवाचून छायाचित्र काढू नये.