एफडी मोडा, पण जेमसाठी नको

प्रश्न: वय २८, नोकरी चिंचवडला, हातात पगार ४२,०००. भाडं, डबा, गावी पाठवायचे पैसे धरून ३०,००० जातात. रात्री मोबाइलवर ‘डायब्लो इमॉर्टल’ खेळतो, त्यात महिन्याला तीन-चार हजार जातात, सगळे क्रेडिट कार्डावर. कार्डाचे २२,००० थकलेत, मिनिमम ड्यू भरतो. १,२०,००० ची एफडी आहे. त्यातले ६०,००० एकदाच लेजेंडरी क्रेस्टवर (गेममध्ये पैसे देऊन घ्यायची वस्तू, ती वापरली की नशिबाने जेम मिळतो) घालून पाचपैकी पाच ताऱ्यांचा जेम, म्हणजे पात्राची ताकद वाढवणारं रत्न, मिळवला, तर दरमहाचा खर्च थांबेल. पुढेमागे अकाउंट विकून पैसेही सुटतील. दहा क्रेस्टना साधारण २,१०० पडतात. हे करू का?

उत्तर: तुमचा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे, ६०,००० टाकले की जेम मिळणारच. आधी तेच तपासू.

६०,००० मध्ये साधारण २८५ क्रेस्ट येतील. एका क्रेस्टमागे पंचतारांकित गटातला जेम पडण्याची शक्यता ४.५ टक्के, म्हणजे असे तेराएक जेम मिळतील. पण त्या गटातही पोटभेद आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यातले बहुतेक दोन ताऱ्यांवरच अडकलेले असतात आणि पाचही तारे असलेला शंभरात एक. हे दोन आकडे गुणले की एका क्रेस्टमागे शक्यता उरते ०.०४५ टक्के. २८५ क्रेस्ट एल्डर रिफ्टमध्ये (गेममध्ये क्रेस्ट वापरायची जागा) ओतूनही तसा एक तरी जेम मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. पन्नास क्रेस्टनंतर गेम जी हमी देतो, ती पंचतारांकित गटाची आहे, पाचही ताऱ्यांची नाही.

आणि समजा मिळाला. तो दहाव्या रँकपर्यंत (ताकदीच्या पायरीपर्यंत) न्यायला पुन्हा तसेच जेम लागतात. २०२२ मध्ये गेम आला तेव्हा एक पात्र पूर्ण सजवायला एक लाख डॉलरच्या घरात खर्च येईल, असे खेळाडूंचे अंदाज जगभर छापून आले होते. ज्या खर्चाला तळ नाही, तो ‘एकदाच’ कसा होणार? डंजन (राक्षसांनी भरलेलं तळघर) संपल्यावर ‘८०० टक्के व्हॅल्यू’ असं लिहिलेलं बंडल समोर येतं, ते जेम मिळाल्यावरही येतच राहील. लूट बॉक्सविषयीच्या, म्हणजे आत काय निघेल ते न कळता पैसे भरायच्या पद्धतीविषयीच्या नियमांमुळे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये हा गेम आणलाच गेला नाही.

अकाउंट विकण्याचं डोक्यातून काढून टाका. कंपनीच्या अटींनुसार तुम्हाला वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी नाही. अकाउंट दुसऱ्याला देणं नियमबाह्य आहे, ते बंद झालं तर दाद कुठे मागणार? जानेवारी २०२३ मध्ये हा गेम काढणारी ब्लिझार्ड आणि तिची चिनी भागीदार कंपनी नेटईज यांचा करार संपला, तेव्हा चीनमध्ये ब्लिझार्डच्याच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या गेमचे सर्व्हर बंद पडले ते थेट २०२४ मध्ये सुरू झाले. ‘इमॉर्टल’ वेगळ्या करारामुळे वाचला. गेमवर गेलेला पैसा सिनेमाच्या तिकिटासारखा, खर्चाच्या रकान्यात लिहायचा.

खरी गळती तुम्ही एका ओळीत उरकलीत: मिनिमम ड्यू. कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के धरला, तर २२,००० वर महिन्याला ७७० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नऊशेच्या वर. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. काल रात्री घेतलेल्या क्रेस्टवर कालपासूनच व्याज चढतंय. तिकडे एफडी वर्षाला सहा-सात टक्के देत असेल. इतक्या कमी व्याजाची ठेव सांभाळत वर्षाला ४२ टक्क्यांचं कर्ज पोसायला काहीच अर्थ नाही.

म्हणून एफडी मोडा, पण २२,००० पुरतीच, आणि ते पैसे थेट कार्डात भरा. काही बँका ठेवीचा भागच मोडू देतात, आधी विचारा. मुदतीआधी मोडल्याचा दंड या व्याजापुढे किरकोळ आहे. उरलेले ९८,००० म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा खर्च, त्याला हात लावू नका. नोकरी खासगी असेल तर हा साठा सहा महिन्यांपर्यंत न्यायला हवा.

गेम सोडा असं मी म्हणणार नाही. १२,००० उरतात, त्यातले हजार रुपये करमणुकीला गेले तर बिघडत नाही. बॅटल पास (ठरावीक रकमेत खेळता खेळता बक्षिसं देणारी योजना) त्यात बसतो आणि गोष्ट तर फुकटातही पूर्ण खेळता येते. फक्त प्ले स्टोअरवरून कार्ड काढा आणि महिन्याच्या सुरुवातीला हजाराचं गिफ्ट कार्ड भरा. ते संपलं की त्या महिन्यापुरतं संपलं. नुसती अंधारी तळघरं उपसायची हौस असेल, तर अँड्रॉइडवर ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ मोफत आहे, जाहिराती नाहीत, पैसे टाकून ताकद विकत घेणं नाही. मरतोही त्यात माणूस भराभर.

क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या तुमच्या गटात, मागे पडाल, हे खरं आहे. गेममधल्या पीव्हीपीत (खेळाडूविरुद्ध खेळाडू लढतींत) पैसेवालाच वर असतो आणि तुमच्या साठ हजारांनीही तुम्ही त्याला गाठणार नाही.

कार्डाचं बिल या महिन्यात कोणत्या तारखेला तयार होतं ते बघा. त्याच्या आधी २२,००० भरा आणि पुढच्या बिलात मागच्या दिवसांचं थोडं व्याज दिसलं तर तेही लगेच भरून टाका.