हॅलोविनच्या पार्टीत सासऱ्यांना काय खेळायला देऊ?

अमेरिकेतल्या एडिसनहून एका सूनबाईचं पत्र आलंय, चांगलं लांब आहे, त्यातला मुख्य भाग देते. ती लिहिते, "सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. मंडळाच्या ज्येष्ठांसाठी हॅलोविन पार्टी आहे आणि खेळांची जबाबदारी माझ्यावर पडलीय. नेटवरून यादी काढली: टॉयलेट पेपर गुंडाळून ममी बनवणे, दोरीला टांगलेलं डोनट हात न लावता खाणे, पायाला बांधलेले फुगे फोडणे. पण सासरे म्हणतात तुम्ही जा, मी खोलीतच बसतो. त्यांना कसं तयार करू?" पुढे सासूबाईंचा, कॉश्च्युमचा आणि सासऱ्यांच्या साखरेचा प्रश्न आहे, त्याकडे नंतर येते.

अगं, सासऱ्यांचं बरोबरच आहे की. ७४ वर्षांचा माणूस, आयुष्यभर चारचौघांत मान घेतलेला, त्याने अनोळखी लोकांसमोर टॉयलेट पेपर गुंडाळून उभं राहायचं? आणि डोनट टांगताना कवळीचा विचार केलास का? फुगे फोडताना कोणी घसरलं तर खुब्याचं हाड जायचं, व्हिजिटर इन्शुरन्समध्ये काय बसतं आणि काय नाही हे आपल्यातल्या कोणाला सांगायला नको. तू मनापासून करतेयस ते दिसतंय गं, पण पत्रात तू डेकोरेशन लिहिलंस, बजेट लिहिलंस, आणि सासऱ्यांबद्दल, वय आणि साखर सोडली तर, फक्त अर्धी ओळ: "ते मूळचे वेंगुर्ल्याचे." सगळं उत्तर त्या अर्ध्या ओळीतच आहे बघ.

कोकणातल्या वेंगुर्ल्याचा माणूस म्हणजे शेजारीच आरवलीचा वेतोबा, तिथला राखणदार देव. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात असं तिकडे मानतात. असल्या मुलखात वाढलेल्या माणसाला राखण करणारा देवचार माहीत असतो, पाण्यातला गिऱ्हा माहीत असतो, रात्री वाट चुकवणारा चकवा तर हमखास घरातल्याच कुणाला तरी लागलेला असतो. आणि आपण त्याला पार्टी स्टोअरमधला प्लास्टिकचा सांगाडा दाखवून म्हणतो, बाबा, मजा करा!

मी हे आधीही लिहिलंय आणि पुन्हा लिहिणार, सत्तरीच्या पुढच्या माणसाला खेळायला बोलावू नका, सांगायला बसवा. माझे सासरे इथे आले की असेच गप्प असायचे, टीव्हीसमोर नाहीतर खिडकीत. एका हॅलोविनला मुलांनी सहज विचारलं, आजोबा, तुम्ही खरं भूत पाहिलंय का, तर त्यांनी चकव्याची गोष्ट काढली, बाजारातून रात्री परतताना त्यांचे काका एकाच बांधावरून पहाटेपर्यंत गोल गोल फिरत राहिले ती. शेजारची मुलं कँडी घ्यायला आली होती ती पण दारातून आत येऊन बसली, ते मराठीत सांगत होते आणि माझी मुलगी मधेमधे इंग्रजीत सांगत होती, आणि पुढच्या वर्षी तीच मुलं बेल वाजवून आधी आजोबा कुठेत असं विचारायला लागली. त्यांचा आवाज बदलला होता त्या संध्याकाळी, खरंच सांगते.

माझी आई साताऱ्याकडची, तिच्याकडे पिंपळावरचा मुंजा. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे हॉलमधल्या गोंगाटात कुठलाही ओरडायचा खेळ लावला की ती नुसती कसनुसं हसत बसते. पण गोष्ट सांगायची असली तर तिला ऐकावं लागतच नाही, बाकीच्यांनी ऐकायचं! हे कितीतरी घरांत लक्षातच येत नाही.

आता कसं करायचं ते सांगते. आठ दिवस आधी, चहाच्या वेळी, सहज विषय काढ, "बाबा, तुमच्याकडे चकवा कुणाला लागला होता का हो?" असं. स्टेजवरून एकदम माईक पुढे केलास तर ते नाहीच म्हणतील. तिघेजण निवड, शक्यतो वेगवेगळ्या भागांतले, कोकणातला एक, देशावरचा एक, विदर्भातला एक, म्हणजे भुतं पण वेगळी येतात. प्रत्येकाला दहा-बारा मिनिटं. हातात धरायचा माईक नको, थरथरत्या हाताला त्रास होतो, कॉलरला लावायचा मिळाला तर बरा. आणि कृपा करून हॉल काळोखा करू नका, वातावरणनिर्मितीच्या नादात कोणीतरी वायरीला अडकून पडतं, आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते समोरच्याचे ओठ बघून समजून घेत असतात. सांगणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, चालायच्या वाटेवर हवा, मेणबत्त्यांऐवजी एलईडी ठेवा. अगदी लहान मुलांना दुसऱ्या खोलीत बसवा, रात्री घाबरून उठली तर आईबाप आजोबांवरच रागवायचे. मधेच "बाबा, हे नका सांगू" असं करू नकोस.

एक मात्र बघ, मंडळात कुणाचा जोडीदार नुकताच गेला असेल तर त्यांना आधी एकटं गाठून विचार, की अशा गोष्टी चालतील का. नको म्हणाले तर त्यांना गळ घालू नकोस.

गोष्टींच्या मधे खेळ हवेतच, तर हाउजी म्हणजे तंबोला ठेव. आकडे मोठ्या अक्षरात छाप, खुणेला राजमा दे, आणि आकडा ओरडण्याबरोबर बोर्डवर पण लिही. खुर्चीत बसून छोट्या भोपळ्याच्या देठावर रिंगा टाकायचा खेळही छान होतो. इथले लोक डबा झाकून आत सोललेली द्राक्षं ठेवतात आणि भुताचे डोळे म्हणून हात घालायला लावतात, त्यात तू जायफळ, सुंठ, आमसूल, वेखंड घाल आणि न बघता ओळखायला सांग, आज्या बघ कशा जिंकतात. भोपळा कोरायला सुरी देऊ नको, बोटं आखडलेली असतात, रंगवायला दे. घारगे करायचे तर कोरायचा मोठा भोपळा घेऊ नको, तो पाणचट आणि धाग्याधाग्याचा असतो, पाय (pie) करायला वापरतात तो छोटा पम्पकिन आण.

आता बाकीचं. सासूबाई म्हणतात "हे भुताखेतांचं अशुभ आहे". त्यांना सांग की १ नोव्हेंबरला ख्रिश्चन लोकांचा सगळ्या संतांचा दिवस असतो, हॅलोविन म्हणजे त्याची आदली रात्र, आणि २ तारखेला ते आपल्या गेलेल्या माणसांची आठवण काढतात, आपल्या वसईत आणि गोव्यात कबरींवर मेणबत्त्या लावतात तो हाच दिवस. तरी नको वाटलं तर त्यांनी घरी बसावं, भांडू नका.

कॉश्च्युम: टोपी पुरे. चष्म्यावर मास्क नको, पायघोळ झगा तर मुळीच नको. आणि सासूबाईंची नऊवारी कॉश्च्युम म्हणून नेसवायचा विचार लिहिलायस तो सोडून दे, ती त्यांची साडी आहे.

साखरेचं म्हणशील तर सासऱ्यांना ३१ तारखेला दारात खुर्ची टाकून येणाऱ्या मुलांना वस्तू वाटायला बसव. घराबाहेर हिरवट निळ्या रंगाचा भोपळा ठेवलास तर इथे लोकांना कळतं की या घरी खाऊ नसलेल्या वस्तूही मिळतात, २०१४ पासून देशभर ही पद्धत पसरलीय, ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी सुरू केलेली. पेन्सिली, स्टिकर, छोट्या भिंगऱ्या आण, म्हणजे टोपल्यातलं एकेक उचलून त्यांच्या तोंडात जाण्याचा प्रश्नच येणार नाही. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मुलं साधारण आठपर्यंत येतात, तेवढा वेळ त्यांना कानटोपी आणि जाड मोजे दे, दार सारखं उघडं राहतं.