चरबी उतरत असताना स्नायू वाढू शकतात का?

प्रश्न : माझे वय 34 असून वजन 82 किलो आहे. चार महिन्यांपूर्वी मी आयुष्यात प्रथमच वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केला आणि खाणेही आटोक्यात आणले. कमरेचा घेर पाच सेंटिमीटरने कमी झाला, पण वजन जेमतेम एक किलो उतरले. व्यायामशाळेतील जाणकार म्हणतात की आधी भरपूर खाऊन स्नायू कमवावेत, चरबीचे नंतर पाहावे. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. हे खरे आहे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत ते खरे दिसत नाही. समजा, तीन किलो चरबी गेली आणि दोन किलो स्नायू, त्यात साठणाऱ्या पाण्यासह, वाढले, तर वजनकाटा एकाच किलोची घट दाखवणार. घेर मात्र आत जाणार. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

स्नायू घडवायला ऊर्जा लागते आणि चरबी घटवायला ऊर्जेची तूट लागते, म्हणून दोन्ही एकत्र अशक्य, असा जाणकारांचा युक्तिवाद असतो. मात्र ती ऊर्जा ताटातूनच आली पाहिजे असे नाही. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात आणि त्यातला काही भाग शरीर या कामासाठी वापरू शकते. चरबीतून मिळत नाही तो कच्चा माल, म्हणजे प्रथिने. ती रोजच्या आहारातूनच यावी लागतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा 40 टक्के कमी कॅलरी देऊन कसून व्यायाम करायला लावला होता. दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे 2.4 ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची सरासरी 4.8 किलो चरबी उतरली आणि चरबीविरहित वजन 1.2 किलोने वाढले. निम्मी प्रथिने घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन जवळपास होते तेवढेच राहिले. अर्थात, इतकी मोठी तूट देखरेखीखाली होती, तिचे अनुकरण कोणी करू नये.

दिवसाला 300 ते 500 कॅलरींची तूट तुम्हाला पुरेशी आहे. दर किलोमागे 1.6 ग्रॅम या हिशेबाने तुम्हाला रोज सुमारे 130 ग्रॅम प्रथिने लागतील. ती तीन-चार वेळच्या खाण्यात विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रमाण वाढवू नये.

व्यायामाबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. महिनोन्‌महिने तेच वजन तितक्याच वेळा उचलत राहिल्यास स्नायूंना वाढण्याचे कारण उरत नाही. आज 40 किलोचे स्क्वॅट आठ वेळा होत असतील आणि शेवटचे दोन कष्टाने होत असतील, तर वजन योग्य आहे. तेच बारा वेळा नीट जमू लागले की अडीच किलो वाढवावेत आणि पुन्हा आठपासून सुरुवात करावी. प्रत्येक प्रमुख स्नायुगटाला आठवड्यातून दोनदा असा ताण मिळावा. हे सारे वहीत लिहून ठेवावे, कारण स्मरणशक्ती या बाबतीत फार उदार असते.

घेर पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पोट रिकामे असताना, बेंबीच्या रेषेत टेप धरून आणि श्वास सहज सोडून मोजावा. घेर घटत असेल आणि वहीतले आकडे चढत असतील, तर काट्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. झोपेकडे मात्र दुर्लक्ष करू नये. तूट असताना झोप अपुरी पडली, तर उतरणाऱ्या वजनात चरबीचा वाटा घटतो आणि स्नायूंचा वाढतो.

प्रश्न : मी आठ वर्षे नियमित व्यायाम करतो आणि अंगावर चरबी फारशी नाही. मलाही हे जमेल का?

उत्तर : जमले तरी अत्यंत संथपणे, इतके की मोजमापात फरक दिसणे कठीण. नवशिके, दीर्घ खंडानंतर परतलेले आणि चरबीचा साठा मोठा असलेले, यांनाच हा दुहेरी लाभ ठळकपणे मिळतो. तुम्ही काही महिने थोडे जास्त खाऊन स्नायूंवर भर द्यावा आणि त्यानंतर माफक तूट ठेवून चरबी उतरवावी. पहिल्या पत्रलेखकाला मिळालेला सल्ला वाईट नव्हता. तो तुमच्यासारख्यांसाठी होता.