घरी कळेल म्हणून दवाखानाच टाळणारी मुलं

"मॅडम, घरी सांगणार नाही ना?" आई खोलीबाहेर गेली की बहुतेक मुलामुलींचा पहिला प्रश्न हाच असतो.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली १६ वर्षांची, अकरावीतली मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). अंगावरून पांढरं जायचं, खाज सुटायची, लघवीला जळजळ. गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स तिच्याच वाड्यावरची, केसपेपर काढणारा बाबांच्या ओळखीचा. म्हणून दोन महिने तिनं तोंड उघडलं नाही. रोज तांब्याभर पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक घालून धूत राहिली. त्यानं नाजूक त्वचा सोलवटते, योनीतले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. तिचाही वाढला. शेवटी पोटदुखीचं निमित्त करून ती आईबरोबर म्हापशाला, आमच्या दवाखान्यात आली.

सुरुवातीची दहा मिनिटं मायलेकींना एकत्र बसवावं आणि नियम दोघींच्या देखत सांगावा: "या वयाच्या प्रत्येकाशी आम्ही थोडा वेळ एकट्यानं बोलतो. ती सांगेल ते तिला विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. पण तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तिला त्रास देत असेल किंवा १८ वर्षांच्या आत शरीरसंबंध आले असतील, तर ते आम्हाला दडवता येत नाही." आईचा चेहरा उतरतोच. "माझ्यापासून काय लपवायचंय तिला?" या आईला एवढंच सांगितलं, "ताई, प्रत्येक मुलाला हेच विचारतो. तुमच्या मुलीवर संशय नाही."

शेवटची मर्यादा आधी सांगणं फार गरजेचं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ खालच्या मुलीची संमती धरली जात नाही; दोघांच्या मर्जीचे संबंध असले तरी कलम १९ नुसार पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं गुन्हा आहे. "काहीही सांग, कुणाला कळणार नाही" असं म्हणून नंतर पोलिसांना कळवणं म्हणजे मुलीला फसवणं, आणि ती पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढत नाही. गर्भपाताच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये वाट दिली: मुलगी आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. पालकाची लेखी संमती लागते, पण गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. त्यामुळे आईवडीलच हवेत असं नाही, सांभाळणारी आजी किंवा मामीही सही करू शकते.

मुलाशी एकट्यानं बोलताना प्रश्नांचा क्रम असा: घर, शाळा, जेवण-झोप, मित्रमैत्रिणी, व्यसन, मग संबंध, शेवटी जीव नकोसा होतो का. थेट संबंधांपासून सुरुवात केली की मूल मिटतं. हिचे कुणाशी संबंध नव्हते. भीती वेगळीच होती: "लग्न न झालेल्या मुलीला असं होतं म्हणजे लोक काय म्हणतील?" तिला सांगितलं, ही लक्षणं बुरशीच्या संसर्गाची दिसतात आणि तो संबंधांशिवायही होतो, अँटिबायोटिकनंतर, साखर वाढली तर किंवा पावसाळ्यात दमट, घट्ट कपड्यांनी. हे ऐकल्यावर तिनं तपासणीला होकार दिला. डॉक्टरांनी नर्सला सोबत ठेवून फक्त बाहेरून पाहिलं, लघवी व साखर तपासली, बुरशीवरचं औषध दिलं.

गुपिताची खरी गळती होते ती कागदावरून. हिच्या केसपेपरवर बाबांचा मोबाईल नंबर होता, म्हणजे लॅबचा रिपोर्ट त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर गेला असता. नंबर बदलून घेतला आणि रिपोर्ट छापील, हातात द्यायला सांगितला. रांगेत नावापाठोपाठ आजार पुकारला जाणं, गावच्या फार्मसीत चिठ्ठी दाखवणं, घरच्या विमा कार्डावर उपचारांची नोंद होणं, यांचाही विचार आधीच करावा. चिठ्ठीवर खोटा आजार मात्र कधीच लिहू नये. पुढचा डॉक्टर त्यावरच औषध देतो.

आईला काय सांगायचं हे मुलीबरोबर ठरवलं. संसर्ग झालाय आणि अँटिसेप्टिक बंद करायचं, हे ती स्वतः सांगणार. बाकी बोलणं आमच्यातच राहणार. आई म्हणाली, "अगो, हे मलाही पावसात होतं. सांगायचं तरी!" आठवड्यात खाज गेली नाही तर परत यायचं, ताप, ओटीपोटात दुखणं किंवा घाण वासाचा स्राव असेल तर थांबायचं नाही, असं दोघींना बजावलं. मन फार जड झालं आणि दवाखान्यात येता आलं नाही, तर फोन करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मुलीनं स्वतःच्या वहीत लिहून घेतला.